थोकात घेतलेलं व्हिटॅमिन

माणसाला आजार व्हावा तर तो सांगण्यासारखा तरी असावा. आमच्या शेजारच्या काकांची बायपास झाली. ते शर्टाचं वरचं बटण उघडं ठेवून फिरतात आणि लोक आदराने बाजूला सरकतात. माझ्या मामेभावाला डेंग्यू झाला, तो प्लेटलेट किती खाली गेल्या होत्या हे क्रिकेटच्या स्कोअरसारखं सांगतो. मला कोणी विचारलं, "काय झालं होतं हो, एवढं भरती व्हावं लागलं?" की मी आधी खोकतो, मग म्हणतो, "कॅल्शियमचं जरा."

खरं उत्तर असं आहे की मला व्हिटॅमिन जास्त झालं होतं. कमी होतं म्हणून घेतलं, स्वस्त पडलं म्हणून जास्त घेतलं, आणि माल अस्सल होता म्हणून लागू पडलं.

हातात रिपोर्ट धरून औषधाच्या दुकानासमोर उभे राहणारे, ही गोळी महाग आहे म्हणजे चांगली असेल का, ती स्वस्त आहे म्हणजे नकली असेल का, असा विचार करणारे माझ्यासारखे पुष्कळ असतील. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. लाज वाटते, पण लिहितो.

एककाचा भाव

मी नागपूरला कळमन्याच्या मार्केट यार्डात एका धान्याच्या अडतीवर दिवाणजी आहे. शेतकऱ्याचा माल येतो, हर्रास होतो, बोली लागते. तुरीचा दाणा दाताखाली फोडून मी ओलावा सांगतो. या कसबामुळे घरातली कुठलीही खरेदी माझ्याशिवाय होत नाही, म्हणजे मी होऊ देत नाही. तेलाचा पिपा, गादीचा कापूस, मुलीचा लॅपटॉप. माझा नियम एकच: माल पारखून घ्या, थोकात घ्या, आणि भाव एककावर काढा. मेहुणा दिलीप मला घरात "मार्केट यार्ड" म्हणतो. मला ते कौतुक वाटायचं.

मागच्या वर्षी पाय दुखायला लागले म्हणून रक्त तपासलं तर व्हिटॅमिन डी कमी निघालं. आमच्या गच्चीवर उन्हाळ्यात पापड टाकून खाली येईस्तोवर वाळतात. त्या गावात राहून माझ्या रक्तात ऊन कमी. नेहमीच्या डॉक्टरांनी पुड्या लिहून दिल्या, आठवड्यातून एक, दोन महिने, मग परत तपासा. पुड्या संपल्या, पाय थांबले, तपासायला मी गेलो नाही. तपासणीचे पैसे वाचवले, असं मी घरी सांगितलं.

मग आमची ऋचा, मिहानमधल्या एका आयटी कंपनीत नोकरी करते, तिने मोबाइलवर एक बरणी दाखवली. "बाबा, माझ्या ऑफिसमधले सगळे ही रोज घेतात." चकचकीत बरणी, परदेशी नाव, हजार युनिटची गोळी. भाव पाहून मी चष्मा काढून पुसला. आपल्या पुडीत साठ हजार युनिट. म्हणजे एका पुडीत त्यांच्या साठ गोळ्यांचा माल, आणि भाव त्याच्या पासंगालाही नाही. कळमन्यात असा सौदा सुटला असता तर मालकाने मला कामावरून काढलं असतं.

आता इथे माझ्या डोक्याने जे केलं ते नीट सांगतो, कारण चूक इथे आहे. ती गोळी लोक रोज घेतात. पुडी त्या गोळीपेक्षा स्वस्त. मग गोळीच्या जागी पुडी घ्यायची, अर्थात रोज. वस्तू बदलली, वेळ तीच ठेवली. तेलाचा ब्रँड बदलला म्हणून फोडणी आठवड्यातून एकदा थोडीच देतो आपण? जास्तीचं लघवीवाटे निघून जातं, असंही मी कुठेतरी ऐकलं होतं. ते वेगळ्या व्हिटॅमिनबद्दल होतं. हे मुक्कामी अंगात साठून राहणारं आहे, हे मला सलाईन लागल्यावर समजलं.

दर्जाच्या बाबतीत मात्र मी कसर केली नाही. ओळखीतून घाऊक दुकान गाठलं. कंपनी कोणती, परवाना क्रमांक आहे का, बॅच, मुदत, पुडीची शिवण, सगळं पाहिलं. एक पुडी तिथेच फोडून जिभेवर ठेवली. दुकानदार म्हणाला, "भाऊ, हे औषध आहे, चणे नाहीत." मी खोकाच उचलला.

पुडी दुधातून घ्यायची असते, त्यावर बायको सुनंदा म्हणाली, "मले नको. मले दूध आवडत नाही." दुधाच्या नावडीने वाचलेली ही जगातली एकमेव बाई असावी.

ओवाळणी

माझी थोरली बहीण, मायाताई, उमरेडजवळच्या गावात राहते. भाऊजी एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. ताईचे गुडघे दुखतात. भाऊबीजेला तिने मला ओवाळलं आणि मी ताटात पुड्यांचे खोके ठेवले.

"साडी काहून नाही आणली गा?" ताई म्हणाली.

"साडी फाटते वं ताई. हाडं टिकवायची असतात."

"अन् घेऊ कशी?"

"रोज सकाळी. दुधात."

भाऊजींनी चष्मा कपाळावर सरकवून खोका डोळ्याजवळ नेला. तिकिटं वाचलेला माणूस. "याच्यावर त हप्त्याचं काही लिहिलं दिसते."

"ते कंपनीवाले लिहितात भाऊजी. आपली बाजू सांभाळायला."

"बरं बावा," भाऊजी म्हणाले. "तू पारखून आणलं म्हणते त."

ताईने खोके देवघराच्या फळीवर ठेवले. मी जेवताना त्या पुड्यांच्या भावाबद्दल एवढं बोललो की कढी गार झाली.

तहान

हिवाळ्यात मला तहान लागायला लागली. अडतीवर माठाशेजारीच बसायचो. मग शौचाला होईना. इसबगोल, त्रिफळा, कोमट पाण्यात तूप, एरंडेल, यांपैकी कशाचाही खप मी नागपुरात वाढवला नाही असं झालं नाही. मग भूक गेली. तोंडाला धातूसारखी चव. वजन उतरलं, तर मी ते योगासनांच्या खात्यात टाकलं, जी मी करत नाही.

अशक्तपणा वाढला तेव्हा मी काय केलं असेल ते वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल. काही दिवस मी दोन पुड्या घेतल्या.

एका सकाळी हर्रासात मी हरभऱ्याच्या ढिगापुढे उभा राहून तुरीचा भाव बोललो. सगळे हसले. मीही हसलो, आणि त्याच ढिगाच्या कडेला ओकलो. मालकाने मला स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं आणि घरी फोन केला.

सोमवार

मोठा दवाखाना, पाचव्या मजल्यावरची दोन पलंगांची खोली. डॉक्टरीणबाई तरुण, बारीक आवाजाच्या. त्या आल्या तेव्हा खोलीत सुनंदा होती, ऋचा होती, आणि दिलीप केळी घेऊन आला होता.

"कॅल्शियम खूप वाढलंय, किडनीवरही ताण आहे," बाई म्हणाल्या. "कारणं बरीच असतात. गळ्यातल्या ग्रंथी असतात, कधी कधी कुठेतरी गाठ असते. आपण सगळं तपासू. औषधं कोणती चालू आहेत?"

"बीपीची गोळी. बस."

"व्हिटॅमिन डी वगैरे घेता का? पुड्या? त्यानेही कॅल्शियम चढतं."

आता पाहा. प्रश्न अगदी सरळ होता. पुडी म्हटल्याबरोबर मला सगळं समजलं, तहान, एरंडेल, हरभरा, सगळं. पण दिलीप समोर उभा होता. याच दिलीपला दिवाळीत मी अर्धा तास एककाचा भाव समजावला होता. ऋचाला म्हटलं होतं, तुझ्या ऑफिसवाल्यांना कंपन्या लुटतात. पुडी मी रोज अडतीवरच घ्यायचो, घरात कोणी मोजल्या नव्हत्या. मी सुनंदाकडे पाहिलं आणि म्हणालो, "हप्त्यातून एकदा. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच."

बाईंनी ते लिहून घेतलं. व्हिटॅमिनची तपासणीही पाठवते, रिपोर्ट यायला दोन दिवस लागतील, तोवर बाकीचं सुरू करू, म्हणाल्या. आणि गेल्या.

"गाठ म्हणजे?" सुनंदाने ऋचाला विचारलं. ऋचा मोबाइलवर काहीतरी वाचत होती. तिने मोबाइल उलटा ठेवला.

माझ्या मनात दुसराच विचार आला होता. ताई. तिच्या फळीवरचे खोके. मग मी स्वतःला सांगितलं की ताई विसरभोळी आहे, तिने काही रोज घेतल्या नसतील.

दवाखान्यातले दिवस

दवाखान्यात माणसाला दिवसभर दोनच कामं असतात, एका बाजूने पाणी आत घेणं आणि दुसऱ्या बाजूने ते मोजून देणं. माझं सगळं आयुष्य वजनकाट्यापाशी गेलं, आता सिस्टर माझंच माप घेत होत्या. हाताला सलाईन, सुईभोवती निळा डाग. सकाळी पोहे यायचे, त्यांवर तर्री नाही. शेजारच्या पलंगावरचे आजोबा म्हणायचे, "खा बेटा, पोहे समजून खा." त्यांनी मला रोज अर्धं संत्रं सोलून दिलं. माझी विचारपूस त्यांनी कधी केली नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

माझ्या छातीचा स्कॅन झाला. पोटाचा झाला. कोणत्या तरी गाठीसाठी रक्त मुंबईला गेलं. प्रत्येक वेळी स्ट्रेचरवरून जाताना सुनंदा माझा हात धरायची आणि मी डोळे मिटायचो. तिला वाटायचं मी घाबरलो आहे. दाराबाहेर ती दिलीपला म्हणाली, "दादा, यायनं कधी कोणाचं वाईट केलं नाही रे." दार नीट लागत नव्हतं. मला सगळं ऐकू येत होतं.

मंगळवारी दुपारी खोलीत घरचं कोणी नव्हतं, आजोबा घोरत होते, तेव्हा मी गावी फोन लावला. भाऊजींनी उचलला.

"तब्येत कशी आहे गा? आम्ही येऊनच राहिलो होतो, पण तुही ताईच पडून हाय."

"काय झालं?"

"मळमळते म्हणते. जेवण नाही. पाणीच पेते नुसती. ताकद यावं म्हणून तुही पुडी मी न चुकता देतो."

मी म्हणू शकलो असतो: भाऊजी, ती पुडी फेका. पण मग भाऊजी विचारणार होते, काहून. मग ताईला समजणार, ताई सुनंदाला फोन करणार, आणि बाहेर माझ्यासाठी नवस बोलणारी बायको आत येणार. उद्या रिपोर्ट येईल तेव्हा आपोआप निघेल, असा मी हिशेब केला. कागदाने सांगितलं तर मी सांगावं लागणार नाही.

मी म्हणालो, "पोट बिघडलं असेल भाऊजी. आज राहू द्या पुडी."

"बरं, आज राहू देतो," भाऊजी म्हणाले.

फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मला आजही आठवतं, आणि या सगळ्या आजारात मला सर्वात जास्त लाज कशाची वाटत असेल तर त्या बरं वाटण्याची.

बुधवार

बुधवारी डॉक्टरीणबाई राउंडवर असतानाच भाऊजींचा फोन आला. ऋचाने स्पीकरवर ठेवला.

"ताई काहीच्या बाही बोलून राहिली. मले ओळखत नाही. ड्रायव्हर म्हणते मले. उमरेडच्या दवाखान्यात घेऊन आलो, ते लोक म्हणतात पक्षाघात असू शकते."

"पक्षाघात नाही," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

"पुड्या आहेत," मी म्हणालो. "मी रोज घेत होतो. कधी दोन. तिलाही मीच दिल्या. रोज घे म्हणून सांगितलं."

बाईंनी ऋचाच्या हातून फोन घेतला. उमरेडच्या डॉक्टरांशी बोलल्या, कॅल्शियम बघा म्हणाल्या, सलाईन सुरू करा आणि इकडे पाठवा. त्यांचा बारीक आवाज तेव्हा बारीक नव्हता. फोन परत देऊन त्या माझ्याकडे वळल्या. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी विचारलं, "पुड्या कुठल्या? कधी कधी पुडीवर लिहिलेलं असतं त्यापेक्षा आत कमी-जास्त असतं."

"नाही," मी म्हणालो. "अस्सल आहेत. मी पारखून घेतल्या."

"नकली असत्या तर आज तुम्ही घरी असता," बाई म्हणाल्या.

दिलीपला हसू आलं. ते त्याने केळ्याच्या पिशवीत तोंड घालून लपवलं. सुनंदा हसली नाही. ती उठून बाहेर गेली आणि बऱ्याच वेळाने परत आली, तोंड धुऊन.

"मी जेवढी रडली ना," ती म्हणाली, "तेवढं मले वापस पाहिजे."

त्यानंतर तिने माझ्याशी बोलणं बंद केलं. डबा मात्र रोज आणला. वरणात मीठ नव्हतं. डॉक्टरांनी मीठ बंद केलेलं नव्हतं.

ताई

ताईला खालच्या मजल्यावर बायकांच्या वॉर्डात ठेवलं. तिची किडनी माझ्यापेक्षा जास्त दमली होती, वय जास्त आणि अंगात काही नाही. पहिले काही दिवस ती भाऊजींना पुढच्या थांब्याचं तिकीट मागत होती. डायलिसिस लागू शकेल, असं बाई म्हणाल्या. शेवटी लागलं नाही. हे व्हिटॅमिन अंगातून उतरायला आठवडे जातात, सलाईनने आणि औषधांनी धीरे धीरे.

मला चालता यायला लागलं तेव्हा मी सलाईनचा स्टँड ढकलत खाली गेलो. ताई उशीला टेकून बसली होती. डोळे स्वच्छ होते. भाऊजी चहा आणायला गेले होते.

"ये गा," ती म्हणाली. "बस."

मी बसलो. माफीचं वाक्य मी लिफ्टमध्ये तयार केलं होतं, ते सापडेना.

"चुकलं ताई. मला माहीत नव्हतं रोज घ्यायची नसते."

"ते मले समजलं. चुकते माणूस. मी तरी कोणाले विचारलं? तुव्हं आणलेलं म्हणून घेतलं." ती माझ्या हाताच्या सुईकडे पाहत होती. "मंगळवारी तुव्हा फोन आला होता म्हणतात हे."

"हो."

"तवा तुले माहीत होतं?"

मला अजूनही खोटं बोलता आलं असतं. भाऊजींनी फक्त 'पोट बिघडलं असेल' ऐकलं होतं.

"हाव," मी म्हणालो.

"मंग आज राहू द्या काहून म्हणलास? आजच काहून?"

मी सलाईनच्या नळीतले थेंब मोजू लागलो.

"यायनं मंगळवारी नाही देल्ली," ताई म्हणाली. "बुधवारी सकाळी देल्ली. म्हणे, त्यानं आज म्हणलं होतं, ते काल झालं."

भाऊजी चहा घेऊन आले. ताईने मला अर्धा कप ओतून दिला आणि विषय बदलला. उमरेडच्या डॉक्टरांचं मराठी कसं तेलुगूसारखं वाटत होतं, हे ती सांगत बसली.

आता मी कसं घेतो

आता व्हिटॅमिन मीही घेतो, कधी लागलं तर. पण क्रम उलटा केला आहे. आधी तपासणी, मग डॉक्टर, मग दुकान. मी पूर्वी दुकानापासून सुरुवात करायचो.

स्वस्त औषध वाईट नसतं, हे माझं म्हणणं खरंच होतं. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा, जेनेरिक दुकानात तेच निम्म्याहून कमी भावात मिळतं आणि ते चांगलं असतं. बरणी परदेशी आहे, जाहिरातीत कोणी पळतं आहे, याने आतली गोळी सुधारत नाही. कंपनीचं नाव, परवाना, मुदत पाहा, बिल घ्या, सुटी कापलेली पट्टी घेऊ नका जिच्यावरची मुदत कापली गेली आहे. इथपर्यंत मी तज्ज्ञ आहे.

पण औषधात एककाचा भाव काढू नका. साठ हजाराची पुडी साठ गोळ्यांपेक्षा स्वस्त आहे की नाही, हा प्रश्नच नसतो. तुम्हाला किती लागतं आणि कधी थांबायचं, हा असतो, आणि ते डॉक्टर सांगतो. जेवढं लिहून दिलं तेवढंच घ्या, खोका घरी आणू नका. घरात खोका असला की माणूस तो संपवायच्या मागे लागतो. एकाच वेळी दोन-तीन पट्ट्या चालू असतील, कॅल्शियमची, हाडांची, ताकदीची, तर त्यांत तेच व्हिटॅमिन पुन्हा पुन्हा नाही ना हे पाहून घ्या. तहान, बद्धकोष्ठ, ओकारी, भलतंच बोलणं असलं तर पुडी बंद करा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि आपल्या नावची चिठ्ठी दुसऱ्याच्या ताटात ठेवू नका, ते ताट कितीही प्रेमाचं असलं तरी.

डॉक्टरने विचारलं तर खरं सांगा. खोलीतल्या लोकांची लाज वाटत असेल तर त्यांना बाहेर जायला सांगा, पण सांगा.

शेवटचं

घरात आता ही गोष्ट विनोद झाली आहे. लग्नाबारशाला दिलीप ती सांगतो, आणि चांगली सांगतो. तुरीचा भाव बोललो तिथे लोक हसतात, "अस्सल आहेत, मी पारखून घेतल्या" इथे टाळ्या पडतात. सुनंदाही आता हसते. वरणात मीठ आलं आहे. ताईची किडनी पूर्ण भरून आली नाही, तिला दर काही महिन्यांनी रक्त तपासायला नागपूरला यावं लागतं. ती आमच्याकडेच उतरते. दिलीप गोष्ट सांगतो तेव्हा तीही हसते. मंगळवार दिलीपच्या गोष्टीत नाही, कारण त्या दिवशी मला सगळं माहीत होतं, हे ताईशिवाय कोणाला माहीतच नाही. ताईने भाऊजींनाही ते सांगितलेलं नाही.

हे सगळं लिहून झालं तेव्हा ती तपासणीसाठी आलेली होती. मी तिला हॉलमध्ये बसवून वाचून दाखवलं. ती शेंगा सोलत ऐकत होती. कंपनीवाल्यांच्या वाक्याला हसली. मंगळवार आला तेव्हा माझा आवाज खाली गेला. स्वयंपाकघरात सुनंदा पोळ्या लाटत होती.

"हे ठेवू की काढू?" मी विचारलं.

"ठेव," ताई म्हणाली. "बाकीचं काढलं तरी चालते. पुडी कशी घ्यायची ते डॉक्टर लोकायले सांगतेच."

आतून लाटण्याचा आवाज थांबला.

"काय ठेवायचं म्हणता ताई?" सुनंदाने विचारलं.

ताईने माझ्याकडे पाहिलं आणि पुढची शेंग घेतली. मी कागद उचलले आणि स्वयंपाकघरात गेलो.